डॉक्टरशी लग्न केलेलं इथे कोणी आहे का?

शब्दखुळी | रविवार, रात्री ११:४०

थेटच विचारते. नवरा किंवा बायको डॉक्टर आणि आपण स्वतः त्या क्षेत्रातले अजिबात नाही, असे इथे किती जण आहेत?

नवरा विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमएस सर्जरीच्या पहिल्या वर्षाला आहे. मी विमा कंपनीत, काम घरूनच. तो नीट-पीजीची, म्हणजे एमएस-एमडीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करत असतानाच लग्न ठरलं. पुढे रँक आली, हे कॉलेज मिळालं आणि आम्ही कॅम्पसबाहेर दोन खोल्या घेतल्या. म्हणजे मी घेतल्या. त्याचे कपडे तिथे राहतात, तो वॉर्डात राहतो.

इमर्जन्सीच्या दिवशी, म्हणजे तातडीचे पेशंट त्याच्या युनिटकडे येतात त्या दिवशी, सकाळी गेला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उगवतो. पोस्ट-इमर्जन्सीला सुट्टी असते असं मला लग्नाआधी वाटायचं. नसते. राउंड असतो, ड्रेसिंग असतात, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर असतं, रक्ताच्या पिशवीसाठी धावपळ असते. घरी आला की आंघोळ, ताट, आणि ताटावरच पेंग. मग माझं दिवसभर साठलेलं बोलणं तसंच राहतं. भांडू तरी कसं? तो म्हणतो, "आज दोन पेशंट गेले." त्यावर "तू गॅसचा नंबर लावला नाहीस" हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? पण गॅस संपलेलाच असतो ना!

सासूबाईंचं ठरलेलं, "डॉक्टरची बायको आहेस, एवढं चालायचंच." आई म्हणते तीन वर्षं बघता बघता जातील. मैत्रिणींना वाटतं मी मजेत आहे. नातेवाइकांसाठी मी रिपोर्टचे फोटो पुढे पाठवायचा नंबर.

तो माणूस चांगला आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही. हे असंच असतं का आणि तुम्ही लोक काय करता, एवढंच सांगा. सेवा, त्याग, थोर पेशा वगैरे कृपया नको. ते घरी रोज ऐकते.

वाशिष्ठीकाठ | रविवार, रात्री ११:५८

असंच असतं. आधी एवढं सांगून टाकते, बाकीचं उद्या सविस्तर लिहीन. आता झोप. तो येईल तेव्हा दार वाजवेल.

सडेतोड | सोमवार, सकाळी ७:१५

माफ करा, पण हे रडगाणं पटलं नाही. तीन वर्षांनी हाच नवरा लाखांत कमावणार. सीमेवरच्या जवानाची बायको काय म्हणते? ट्रक चालवणाऱ्याची? पोलिसाची? त्यांना कोणी धागे काढताना पाहिलं नाही. डॉक्टर मुलगा बघून लग्न केलं, तर त्याबरोबर जे येतं ते घ्यावं.

मुक्कामी_गाडी | सोमवार, सकाळी ८:०२

सडेतोड, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझे वडील एसटीत चालक होते, सगळी नोकरी मराठवाड्यात. मुक्कामी गाडीची ड्युटी लागली की रात्री परगावी. दिवाळीत तर हमखास, कारण तेव्हाच जादा गाड्या. मी एसटीवाल्याची मुलगी आणि आता एमडी मेडिसिनवाल्याची बायको आहे. दोन्ही घरं आतून पाहिली आहेत.

आईला आठवड्याची ड्युटी माहीत असायची. गुरुवारी अप्पा घरी म्हणजे घरी. ती त्या हिशेबाने पाहुणे बोलवायची, त्यांच्यावर रागवायची, त्यांच्याकडून दळण आणून घ्यायची. गाडी बंद पडली तर उशीर, पण तो एखाद वेळी. माझ्या नवऱ्याच्या रेसिडेन्सीत, म्हणजे एमडी करतानाच्या तीन वर्षांत, मला कधी तो कुठल्या वेळी येईल हे कळलं नाही. त्याला स्वतःलाही कळायचं नाही. "अर्ध्या तासात निघतो" हे वाक्य तो खरं मानूनच बोलायचा. मला तासांपेक्षा या बेभरवशाने जास्त छळलं. जेवायला थांबू की जेवू, कुलूप लावू की नको, सतत असं अधांतरी.

आणि हो, माझ्या आईलाही एकटं वाटायचं. तिने धागा काढला नाही, कारण तिच्याकडे फोन नव्हता. पण एसटी कॉलनी होती. शेजारची बाईही मुक्कामीवाल्याचीच बायको, तिला काही समजावून सांगावं लागत नसे. शब्दखुळी तेच शोधते आहे. त्यात रडगाणं कुठे आलं?

भूलवाला | सोमवार, दुपारी १:३०

मी त्या बाजूचा. भूलतज्ज्ञ आहे आणि बायको शाळेत शिक्षिका. ओटीत दोन केसच्या मध्ये लिहितोय, त्यामुळे विस्कळीत वाटेल.

कागदावर काय आहे ते आधी बघा. रेसिडेंट डॉक्टरांनी सलग १२ तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम साधारणपणे करू नये, असं केंद्राचं परिपत्रक १९९२ सालचं आहे. ब्याण्णव! त्यानंतर जन्मलेली मुलं आज कन्सल्टंट झाली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांत तर आकडाच नाही, "वाजवी तास" असा शब्द आहे. २० दिवसांची पगारी किरकोळ रजा आणि आठवड्याला एक सुट्टी आहे, तीही कामाची निकड नसेल तर. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृती दलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. ४८ वरून ७४ वर येऊन आपण याला सुधारणा म्हणतो.

हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी की तुझा नवरा उशिरा येतो तो तुला टाळतो म्हणून नाही. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला युनिटमध्ये सगळ्यात खालचं स्थान. सिनियर निघाल्याशिवाय तो निघू शकत नाही, आणि सिनियर लेक्चररची वाट बघतोय.

आता गप्प राहण्याबद्दल. दिवसभर बोलून बोलून माणूस रिकामा होतो. नातेवाइकांना समजावलं, ब्लड बँकेशी भांडला, सिनियरची बोलणी खाल्ली. घरी आल्यावर "कसा होता दिवस?" हा प्रश्न त्याला पुन्हा केस प्रेझेंट करायला सांगितल्यासारखा वाटतो. माझी बायको पहिला अर्धा तास काहीच विचारत नाही, मग थेट शाळेतल्या गमती सांगायला लागते. मला ऐकायला आवडतं. फार तर अर्ध्यात झोपतो. ती रागावते, दुसऱ्या दिवशी उरलेलं सांगते.

आणि गॅसचं बोल गं बिनधास्त. पेशंट गेला म्हणून घरात स्वयंपाक होत नाही असं थोडंच आहे? पेशंटचा मृत्यू प्रत्येक भांडणात मध्ये आणायची सवय आम्हा लोकांना लागते. ती लागू देऊ नकोस. हे डॉक्टर म्हणून सांगतोय.

वाशिष्ठीकाठ | सोमवार, दुपारी ३:१०

काल म्हटलं होतं, आता लिहिते. यजमान जनरल सर्जन. चिपळुणात खाली हॉस्पिटल, वर घर, हा कोकणातला सर्रास नकाशा. आमच्या उमेदीत मोबाइल नव्हता. लँडलाइन घरात, म्हणजे रिसेप्शनिस्ट मी. रात्री दोनला फोन उचलायचा, "पोटात दुखतंय की छातीत?" विचारायचं, त्यावरून यांना उठवायचं की नाही ते ठरवायचं. मी बीकॉम आहे हो!

पुढे हिशेब माझ्याकडे आले. सिस्टरांचे पगार, औषधांची बिलं, नर्सिंग होमची नोंदणी, सोनोग्राफीचं मशीन आल्यावर गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीचा एफ फॉर्म (गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याचा), जैविक कचऱ्याच्या नोंदी, अग्निशमनची एनओसी, सरकारच्या फुले आरोग्य योजनेच्या क्लेमचे कागद. एफ फॉर्ममध्ये एक रकाना रिकामा राहिला तर मशीनला सील लागू शकतं, इतकं ते जोखमीचं. बाहेरच्या जगात मात्र मी "मॅडम, घरीच असतात". आमच्या सीएंनी एकदा सुचवलं की वहिनींचा रीतसर पगार लावा. लावला. पहिला पगार बँकेत जमा झाला त्या महिन्यापासून यांनी मला "जरा ते बघ ना" म्हणणं बंद केलं, "हे कधी होईल?" विचारायला लागले. नवऱ्याच्या हॉस्पिटलात राबणाऱ्या सगळ्या बायकांना सांगते, पगार घ्या.

२२ जुलै २०२१ च्या पुरात खालचा मजला बुडाला. हे पेशंट वर हलवत होते. रजिस्टरं, लायसन्सच्या फायली, इन्व्हर्टर कुठे आहे, चाव्या कुठे आहेत, हे त्या दिवशी त्या इमारतीत एकट्या मला माहीत होतं.

तुझ्या प्रश्नाकडे येते. मला तारलं ते गावातल्या डॉक्टरांच्या बायकांच्या भिशीने. लोक हसायचे, साड्या दाखवायला जमतात म्हणून. दाखवायचो की! पण एका बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात जमाव घुसला, काचा फोडल्या, त्या रात्री त्याच्या बायकोजवळ भिशीतल्या आम्ही सगळ्या जाऊन बसलो होतो. तिचे सख्खे नातेवाईक सकाळी आले. कुणाची मुलं शाळेतून आणायची, कुणाच्या सासऱ्यांना डोळ्यांच्या ऑपरेशनला न्यायचं, हे सगळं भिशीत ठरायचं. तुझ्या कॅम्पसच्या आसपास विवाहित रेसिडेंटची बिऱ्हाडं असणारच. दोन घरं शोध. दोन पुरतात.

कोथरूडचा_जावई | सोमवार, रात्री ९:४५

उलट्या बाजूचा एक सदस्य हजर. बायको स्त्रीरोगतज्ज्ञ, मी आयटीत. १८८६ साली फिलाडेल्फियात आनंदीबाईंच्या पदवीदानाला गोपाळराव हजर होते, तेव्हा "डॉक्टरीणबाईंचे यजमान" ही जमात आपल्याकडे चांगलीच जुनी आहे. तरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला अजून विचारतात, "मॅडम नाही आल्या? मग तुमच्या जेवणाचं काय?" वाशिष्ठीकाठ काकूंच्या यजमानांना हे कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

बाळंतपणं वेळ बघून होत नाहीत. रात्री फोन आला की गाडी मी काढतो. बायकोला गाडी उत्तम येते, पण ३६ तास जागं असलेल्या माणसाने चालवू नये असं माझं ठाम मत आहे. शब्दखुळी, तुझा नवरा पोस्ट-इमर्जन्सी दुचाकीवर येत असेल तर आजच बंद कर. रिक्षा करू दे, नाहीतर तू आणायला जा. दुसरं काही ऐकलं नाहीस तरी हे ऐक.

मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये सीट मागे टाकून झोपतो. आधी हौस होती, ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार आणि तिचा खून झाल्यापासून हौस राहिली नाही. त्यानंतर कित्येक दिवस मी गाडीत न झोपता वर लेबर रूमच्या बाहेरच्या बाकावर बसायचो. वॉचमनला वाटायचं मी पेशंटचा नवरा. "पहिली खेप का, साहेब?" म्हणून चहा द्यायचा.

पुरुषांसाठी मात्र भिशी नसते. मला बोलायला मिळाला तो तिच्या मैत्रिणीचा नवरा, बँकेत आहे. आम्ही दर रविवारी दोघांच्या पोरांना घेऊन तळजाईला जातो. बायका येतील असं गृहीतच धरत नाही. आल्या तर बोनस.

ताकभात | सोमवार, रात्री १०:०५

अवांतर: गोपाळरावांचं नाव जपून घ्या हो. शिकवलं खरं, पण त्यापायी किती जाच केला तेही नोंदलेलं आहे. पार्किंगमध्ये झोपणारा नवरा बरा.

कोथरूडचा_जावई | सोमवार, रात्री १०:११

मान्य. गोपाळराव मागे घेतो.

सडेतोड | सोमवार, रात्री १०:३०

मुक्कामी_गाडी यांचा मुद्दा पटला. पगाराचा मुद्दा मात्र कुणी खोडला नाही.

भूलवाला | सोमवार, रात्री ११:२०

खोडतो. सरकारी कॉलेजात विद्यावेतन ठीक आहे. २०२४ मध्ये मार्डच्या, म्हणजे रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेच्या, संपानंतर दहा हजारांनी वाढलंही. पण वय बघा. साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग बहुतेकांचं एखादं वर्ष नीट-पीजीच्या तयारीत, तीन वर्षं एमएस, एक वर्ष बाँडची सक्तीची सरकारी सेवा. पुढे सुपरस्पेशालिटी करायची तर आणखी तीन. बरोबरीचे इंजिनियर घराचे निम्मे हप्ते फेडून बसलेले असतात. तोवर घर कोण चालवतं? इथे धागा काढणारी विमा कंपनीतली बाई चालवते. तुमचं "लाखांत" येईल तेव्हा येईल.

सडेतोड | मंगळवार, सकाळी ७:४०

ठीक. जाता जाता, वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय, वय ७४, शुगर आहे. भूल पूर्ण द्यावी की कमरेत? रिपोर्ट व्यनिवर (व्यक्तिगत निरोपात) पाठवू का?

भूलवाला | मंगळवार, सकाळी ८:००

शब्दखुळी, बघितलंस? :) सडेतोड, जिथे ऑपरेशन आहे तिथल्या भूलतज्ज्ञाला आधी भेटा, सगळी औषधं पिशवीत घालून न्या. पेशंट न बघता मी सांगणार नाही, आणि कोणी सांगितलं तरी ऐकू नका.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, दुपारी १२:१५

काय बाप्पा, इतके दिवस कुठं होता हा धागा!

मी यवतमाळची, नवरा ऑर्थोपेडिक. त्याची रेसिडेन्सी संपली, बाँडही झाला. ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही ते मी सांगते. पहिल्या वर्षी एकदा बाथरूमच्या फळीवर गोळ्यांची बाटली दिसली. नाव वाचलं, फोनवर शोधलं, हातपाय गार. एचआयव्हीची औषधं! ऑपरेशनमध्ये सुई टोचली होती, पेशंट पॉझिटिव्ह निघाला, म्हणून प्रतिबंधाचा २८ दिवसांचा कोर्स सुरू होता. मला सांगितलं नाही, कारण "तुला उगाच टेन्शन". अरे, आणि बाटली बघून काय आलं मग?

तर शब्दखुळी, आताच बोलून ठेव. सुई टोचली तर घरी सांगायचं, त्याच दिवशी. औषध जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं, ७२ तासांच्या आत तर झालंच पाहिजे. त्या गोळ्यांनी मळमळ होते, माणूस चिडचिडा होतो. पुढच्या तपासण्या निगेटिव्ह येईपर्यंत नवरा-बायकोत काळजी घ्यावी लागते. म्हणजे हा तुझाही विषय आहे, त्याचा एकट्याचा नाही. त्याची हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झाली का आणि अँटीबॉडी तपासल्या का, तेही विचार.

दुसरं, टीबी. आमच्या बॅचमधल्या दोघांना झाला. वॉर्डात खोकणारे पेशंट, आणि यांची झोप नाही, जेवण नाही. दोन आठवड्यांवर खोकला राहिला, वजन उतरलं, तर "अंगावर काढतो" म्हणू देऊ नको. टीबी निघालाच तर घरातल्यांचीही तपासणी होते आणि प्रतिबंधाचं औषध मिळतं, ते सरकारी कार्यक्रमातच आहे. डॉक्टर स्वतःचे पेशंट म्हणून लई भंगार असतात.

मुक्कामी_गाडी | मंगळवार, दुपारी १:००

वऱ्हाडी_ठेचा, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. कोविडमध्ये आमच्याकडे उलटं झालं. हा सगळं सांगायचा, आणि मीच कानावर हात ठेवायचे. हा वरच्या खोलीत, मी आणि मुलगी खाली, ताट जिन्यात. ५० लाखांच्या सरकारी विम्याची घोषणा झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चला, बरं झालं." मी त्यांच्यावर पहिल्यांदा ओरडले. खासगी दवाखान्यात गेलेल्या डॉक्टरांच्या बायकांना तर त्या विम्यासाठी कोर्टापर्यंत जावं लागलं.

आता जरा उपयोगाचं. प्रत्येक युनिटचा इमर्जन्सीचा वार ठरलेला असतो, रविवार आळीपाळीने येतात. ते विचारून कॅलेंडरवर लिही. इमर्जन्सी आणि तिचा दुसरा दिवस, हे दोन दिवस नवरा नाहीच असं समजून स्वतःचे बेत कर. क्लास, सिनेमा, माहेर, काहीही. उरलेल्या दिवसांत त्याने कबूल केलेली वेळ चुकली तर मात्र रागवायचा पूर्ण अधिकार. असं वाटून घेतल्यावर माझी चिडचिड खरंच कमी झाली. आणि जेवायला कधीही थांबायचं नाही. लग्नकार्याला एकटीने जायचं, "तो येणार होता पण..." असली वाक्यं सुरूच करायची नाहीत.

बर्फातली_बाई | मंगळवार, रात्री ११:५०

अमेरिकेतून लिहिते. नागपूरची, नवऱ्याने इथे इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी केली. इथे २००३ पासून ८० तासांची मर्यादा आहे, चार आठवड्यांच्या सरासरीने. लिहिलेली मर्यादा असली की निदान भांडायला कागद मिळतो. भूलवाल्यांचे ४८ तास वाचून हसावं की रडावं कळेना.

इथलं दुखणं व्हिसाचं. नवरा जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर होता, मी जे-२ या त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. जे-२ वर कामाचा परवाना मिळतो, मी एका लॅबमध्ये नोकरीला लागले. रेसिडेन्सी संपल्यावर नियमाने दोन वर्षं भारतात परतायचं, नाहीतर डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करून त्यातून सूट मिळवायची. प्रत्येक राज्याला त्या योजनेत वर्षाला ३० जागा. आम्ही सूट घेतली आणि गावाच्या नावापेक्षा थंडीच प्रसिद्ध अशा ठिकाणी आलो. पण त्या तीन वर्षांसाठी तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेला आणि मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. माझा परवाना संपला. शहरात असताना तो नसायचा पण मला नोकरी होती. आता तो संध्याकाळी पाचला घरी येतो आणि मी दिवसभर खिडकीबाहेरचा बर्फ बघते. त्याला वाटतं कठीण काळ संपला.

अशा वाटेवर असलेल्यांना सांगते, नवऱ्याच्या ऑफरचा करार येईल तेव्हा स्वतःच्या व्हिसाचं वकिलाला स्वतः विचारा. आमच्या वकिलाने सांगितलं नाही, कारण त्याचा अशील नवरा होता.

ताकभात | बुधवार, सकाळी ९:३०

मला एक वाटतं. मराठीत डॉक्टर जोडपं म्हटलं की हेमलकसा, जामखेड, मेळघाट आठवतं. वंदनीयच माणसं आहेत सगळी. पण तिथे दोघंही डॉक्टर. एक केस दोघांची असते, थकवा दोघांचा एका जातीचा असतो. डॉक्टर आणि बँकेतली कारकून, डॉक्टर आणि शिक्षिका, अशा जोडप्यांचं आपल्याकडे कुणी काही लिहिलेलं नाही. म्हणून सासूबाईंना "चालायचंच" यापलीकडे शब्द सापडत नाहीत. त्यांना दोष देत नाही.

भूलवाला | बुधवार, दुपारी २:४०

पटलं. एक राहिलं होतं, तेही लिहितो. थकवा वेगळा आणि नैराश्य वेगळं. थकलेला माणूस सुट्टी मिळाली की झोपतो आणि उठल्यावर भूक लागते. सुट्टी असूनही झोप येत नसेल, जेवण सुटलं असेल, "पीजी सोडतो" याच्या पुढे जाऊन "मी नसतो तर बरं" अशा अर्थाचं काही बोलला, तर "रेसिडेन्सीत असं होतंच" म्हणू नका. कॉलेजातल्या मानसोपचार विभागात जायला तो लाजेल, सगळे ओळखीचे असतात. बाहेरचा डॉक्टर बघा. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. घरच्यांनीही फोन केला तर चालतो. शब्दखुळी, तू स्वतःसाठीही करू शकतेस. एकटेपणासाठी आजारी पडावं लागत नाही.

शब्दखुळी | गुरुवार, रात्री १०:२०

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. वऱ्हाडी_ठेचाचा वाचून झाल्या झाल्या त्याला फोन केला, हिपॅटायटिसचं विचारायला. म्हणाला, "लस झालीय, अँटीबॉडी नाही तपासल्या, का गं?" नंतर सांगते म्हटलं. दुचाकीवरून मात्र भांडण झालं. "पाच मिनिटांचा तर रस्ता आहे" वगैरे. शेवटी चावी मी ठेवून घेतली. चिडलाय, पण रिक्षाने आला.

काकू, दोन घरांपैकी एक सापडलं. खालच्या मजल्यावरच राहते ती, नवरा पीडियाट्रिक्सला. सात महिन्यांचं बाळ आहे आणि ती मला "बहुतेक नवीन भाडेकरू" समजत होती, कारण माझ्याकडे पुरुष माणूस तिने बघितलाच नव्हता! उद्या तिच्याकडे भरीत आहे.

युनिटचा वार बुधवार निघाला. कॅलेंडरवर लिहिला.

बर्फातली_बाई, तुमचं वाचून पोटात कालवलं. मला व्यनि करा. विम्याची भाषांतरं घरबसल्या असतात, पण तुमच्या व्हिसावर चालतील का माहीत नाही.

बर्फातली_बाई | शुक्रवार, पहाटे ४:३०

नाही चालत, पैसे घेता येत नाहीत. पण गप्पा चालतात. व्यनि केलाय.

शब्दखुळी | शुक्रवार, सकाळी ९:००

एक शेवटचं विचारते. पुढच्या वर्षी तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावं लागतं म्हणे, डीआरपी. तेव्हा मी जाऊ का बरोबर? की इथेच राहू?

वऱ्हाडी_ठेचा | शुक्रवार, सकाळी ९:२५

जा! विचारते काय? दुसऱ्या वर्षी नाहीतर तिसऱ्याच्या सुरुवातीला लागते. जिल्हा रुग्णालयात कॉलेजासारखी मारामार नसते, आमचा तर बहुतेक दिवस संध्याकाळी घरी. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं बाजारात भाजी घ्यायला गेलो ते तिथंच. खोली सोडू नको इथली, परत आल्यावर भाड्याने मिळणार नाही. लॅपटॉप, एक कुकर आणि दोन गाद्या ने. नेट कसं आहे ते आधी तिथल्या मागच्या बॅचच्या रेसिडेंटला विचार, नाहीतर तुझी नोकरी जायची. आणि जिल्हा कोणता मिळाला ते सांग, भंडारा-गोंदिया असला तर माझी मावशी आहे तिकडं.